एमएच पासिंग, कर्नाटकचा रस्ता : वाहननोंदणी, रस्ताकर आणि दंडाच्या वादाचा इतिहास

१. प्रस्तावना

तुम्ही मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर पीण्या हे नाव तुमच्या कानावर आले असेलच. बेंगळुरूच्या वायव्येला तुमकुरू रोडला लागून असलेले हे औद्योगिक क्षेत्र १९७० च्या दशकात उभे राहिले. सीएनसी मशीन शॉप, टूल रूम, प्लेटिंग, पावडर कोटिंग, गारमेंट अशा लहान-मोठ्या शेडची येथे दाटी आहे. पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकुरू या गावांवरून येणारा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आताचा ४८) बेंगळुरूत शिरतो तो याच भागातून. साहजिकच येथे एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली, एमएच-१२ पुणे अशा पासिंगच्या गाड्या रोज दिसतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग घेऊन आलेला ट्रक असतो, तशीच नुकत्याच नोकरीला लागलेल्या एखाद्या डिप्लोमा किंवा बी.ई. झालेल्या मुलाची मोटारसायकलही असते.

या दोन गाड्यांपैकी नंबरवरून अडवले जाण्याचा धोका मोटारसायकलला जास्त. ट्रककडे राष्ट्रीय परमिट असते. त्याची एकत्रित फी भरलेली असते आणि तो माल उतरवून परत जातो. मोटारसायकल मात्र मालकाबरोबर मुक्कामाला आलेली असते. मग रस्त्यात प्रश्न येतो : "गाडी महाराष्ट्राची, राहता इथे, टॅक्स कुठे भरला?" आणि जी रक्कम सांगितली जाते ती हेल्मेटच्या दंडासारखी शेकड्यात नसते, ती हजारांत जाते आणि चारचाकी असेल तर लाखावरही जाऊ शकते.

बोलताना आपण या सगळ्याला सरसकट 'दंड' म्हणतो. पावती फाडली, दंड बसला, विषय संपला. या टिपणाचे म्हणणे एवढेच आहे की ती रक्कम बहुतेक वेळा दंड नसतेच. एकाच नंबरप्लेटवर दोन वेगळे इतिहास लिहिलेले आहेत : एक ओळखीचा, जो केंद्राच्या कायद्याचा आहे, दुसरा कराचा, जो राज्याच्या कायद्याचा आहे. हे दोन्ही जेथे जोडले जातात त्या सांध्यावर वाद होतो. सांधा कोठे आहे हे कळले, तर कोणती रक्कम निमूटपणे भरायची आणि कोणत्या रकमेला हरकत घ्यायची हेही कळते.

२. नंबर आला तो ओळखीसाठी

घोडागाडीचा मालक गावात सर्वांना ठाऊक असे. मोटार आली आणि अपघात करून दिसेनाशी होणारे वाहन प्रथमच रस्त्यावर आले. म्हणून मोटारीला वाचता येईल असा नंबर लावण्याची कल्पना पोलिसांकडून पुढे आली. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये तसा हुकूम काढला. ब्रिटनने १९०३ चा कायदा करून १९०४ पासून नोंदणी सक्तीची केली. भारतात आधी प्रांतांचे वेगवेगळे कायदे होते. १९१४ चा मोटार वाहन कायदा हा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला पहिला सामाईक कायदा. त्याच्या जागी १९३९ चा सविस्तर कायदा आला. एका प्रांतात केलेली नोंदणी दुसऱ्या प्रांतातही वैध धरायची, हे तत्त्व त्यात स्पष्ट होते.

येथे एक भौगोलिक बाब ध्यानात घ्या. बेंगळुरू तेव्हा म्हैसूर संस्थानाच्या मुलखात होते आणि बेळगाव, धारवाड, विजापूर मुंबई प्रांतात. बेळगावची मोटार आणि कोल्हापूरजवळच्या ब्रिटिश मुलखातली मोटार एकाच प्रांताच्या व्यवस्थेत येत, बेंगळुरूची वेगळ्या. आज बेळगाव ते बेंगळुरू हा प्रवास एकाच राज्यातला आहे आणि बेळगाव ते कोल्हापूर हा दोन राज्यांतला. रस्ता तोच राहिला, त्याला छेदणारी रेषा सरकली.

आज लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आपल्या ओळखीची एमएच, केए, जीए ही राज्यांची अक्षरे त्याच सुमारास आली. त्याआधी मुंबई-महाराष्ट्रात बी किंवा एम ने सुरू होणारी तीन अक्षरे असत; जुन्या चित्रपटांतल्या गाड्यांवर ती अजून दिसतात. नव्या पद्धतीत राज्याची दोन अक्षरे आणि त्यापुढे कार्यालयाचा आकडा आला : केए-०४ यशवंतपूर, केए-२२ बेळगाव, एमएच-०९ कोल्हापूर. या कायद्याचे कलम ४६ सांगते की एका राज्यात केलेली नोंदणी भारतभर वैध आहे. म्हणजे एमएच-०९ ची गाडी पीण्यात चालवणे हा स्वतः होऊन गुन्हा नाही. येथपर्यंतचा इतिहास गाडीमालकाच्या बाजूचा आहे.

३. कर मात्र राज्याचा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत या विषयाची वाटणी केली आहे. यांत्रिक वाहने आणि त्यांवरील कराची तत्त्वे हा विषय समवर्ती सूचीत आहे (नोंद ३५). वाहनांवर प्रत्यक्ष कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीत आहे (नोंद ५७). नोंदणीचे नियम देशभर एक आणि कर प्रत्येक राज्याचा वेगळा, अशी ही रचना आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुने म्हैसूर, मुंबई राज्यातले चार कन्नडभाषक जिल्हे, हैदराबाद राज्याचा भाग, मद्रासचा भाग आणि कूर्ग असे तुकडे जोडून नवे म्हैसूर राज्य झाले. प्रत्येक तुकडा आपापला करकायदा घेऊन आला होता. म्हणून १९५७ मध्ये सर्व राज्यासाठी एकच वाहनकर कायदा करण्यात आला. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले, कायदा तोच राहिला. आज पीण्यात जो कर मागितला जातो तो याच कायद्याखाली. आपल्याकडचा मुंबई मोटार वाहन कर कायदाही याच काळातला, १९५८ चा.

हा कर कशासाठी? न्यायालयांचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. राज्यघटनेचे कलम ३०१ देशभर मुक्त व्यापार आणि दळणवळणाची हमी देते. मग राज्याने बाहेरच्या वाहनावर कर लावायचा कसा? १९६२ मध्ये 'ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट विरुद्ध राजस्थान राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढला : रस्ते वापरण्याचा मोबदला म्हणून घेतलेला कर दळणवळणाच्या स्वातंत्र्याला बाधक नाही. १९७४ च्या 'बोलानी ओअर्स' खटल्यात हाच विचार पुढे गेला. खाणीच्या आवारातच फिरणारी यंत्रे सार्वजनिक रस्ता वापरत नाहीत, म्हणून त्यांच्यावर हा कर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातल्या वाहनांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला. पीण्यातल्या एखाद्या शेडमध्ये फिरणारी फोर्कलिफ्ट आणि शेडबाहेर उभी असलेली मोटारसायकल यांत कायदा फरक करतो तो असा.

दुसऱ्या बाजूचाही एक निकाल आहे आणि तो थेट कर्नाटकातला आहे. १९८७ मध्ये 'कर्नाटक राज्य विरुद्ध गोपालकृष्ण शेणॉय' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नोंदणी चालू असेल तर वाहन रस्त्यावर वापरण्याजोगे आहे असे कायदा धरून चालतो. ते प्रत्यक्षात फिरले की नाही हा प्रश्न कर देताना येत नाही. "गाडी उभीच होती हो" हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये 'जिंदाल स्टेनलेस' खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मोबदल्याच्या कराचा तो जुना सिद्धान्तच सोडून दिला आणि भेदभाव करणारा कर एवढाच घटनेत बसत नाही असे ठरवले. त्यामुळे "देशात कोठेही फिरण्याचा मला हक्क आहे, म्हणून कर नाही" हे सांगून आज भागत नाही. वादाचा आधार दुसरीकडे शोधावा लागतो.

४. वादाचे मूळ : आयुष्यभराचा कर

पूर्वी वाहनकर तिमाहीने किंवा वर्षाने भरला जाई. अशा व्यवस्थेत राज्य बदलणे फार अवघड नव्हते : येथे भरणे थांबवायचे, तेथे सुरू करायचे. मधला घोळ फार तर काही महिन्यांचा. पुढे एकेका राज्याने दुचाकी आणि खाजगी मोटारींसाठी आयुष्यभराचा कर एकरकमी घ्यायला सुरुवात केली. सरकारची वसुली सोपी झाली, लोकांच्या खेपा वाचल्या. पण एक गोष्ट बदलली. गाडीचा पुढच्या अनेक वर्षांचा कर पहिल्या राज्याच्या तिजोरीत अडकून पडू लागला आणि माणूस नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला की दुसरे राज्य आपल्या वाट्याचा कर मागू लागले.

आकडा घालून पाहू. कर्नाटकात खाजगी मोटारीचा आयुष्यभराचा कर किमतीच्या टप्प्यांनुसार १३, १४, १७ आणि १८ टक्के असा राहिला आहे आणि त्यावर उपकर. ८ लाखांच्या नव्या मोटारीला १४ टक्क्यांनी १,१२,००० रुपये होतात. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार हा आकडा कमी होतो, तरी तो मोठाच असतो. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. मात्र क्रम असा आहे : आधी मूळ आरटीओकडून नमुना २८ मध्ये ना हरकत प्रमाणपत्र, मग नव्या आरटीओत नमुना २७ चा अर्ज, तेथे कराचा भरणा, नवा नंबर, आणि त्यानंतर मूळ राज्याकडे परताव्याची मागणी. परतावा हातात येईपर्यंत एकाच गाडीसाठी दोन राज्यांचा कर तुमच्या खिशातून गेलेला असतो. महिन्याला पंचवीस हजार पगार असलेल्या मुलासाठी ही अडचण कागदी नाही.

५. बारा महिने आणि शंभर रुपये

आता केंद्राच्या कायद्यातले कलम ४७ पाहा. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर मालकाने नव्या राज्याचा नंबर घेण्यासाठी अर्ज केला पाहिजे. केंद्रीय नियम ५४ नुसार ही मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो.

अर्ज केला नाही तर शिक्षा काय? १९८८ च्या मूळ कायद्यात कलम ४७ च्याच पोटकलमात उत्तर होते : खटल्याऐवजी नोंदणी अधिकारी काही रक्कम भरून घेऊ शकतो आणि त्या रकमेची कमाल मर्यादा शंभर रुपये. कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंडही तेव्हा पहिल्या गुन्ह्यासाठी शंभर रुपयांपर्यंतच होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेपर्यंत गेला.

शंभर रुपये एका बाजूला आणि एक लाख बारा हजार दुसऱ्या बाजूला ठेवा. उशिराचा दंड नाममात्र आहे, मोठी रक्कम आहे ती कर. या दोन रकमा वेगळ्या कायद्यांतून येतात, त्यांचे अधिकारी वेगळे असतात आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याच्या वाटाही वेगळ्या असतात. वाहतूक पोलीस कायद्याने दिलेल्या अधिकारात दंडाची पावती फाडू शकतो. कर ठरवण्याचे काम परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याचे. दंडाला हरकत घेतली तर प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे जाते. कराला हरकत घ्यायची तर करकायद्यातल्या अपिलाने किंवा शेवटी उच्च न्यायालयात रिट अर्जाने. राज्यघटनेचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. त्यामुळे "कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो राज्यघटनेने तुम्हाला दिलेला आहे.

६. तीस दिवसांचा नियम आणि २०१६ चा निकाल

२०१४ मध्ये कर्नाटकाने आपल्या १९५७ च्या करकायद्यात दुरुस्ती केली. बाहेरच्या राज्याचे वाहन तीस दिवसांहून अधिक काळ कर्नाटकात राहिले, की त्याच्यावर आयुष्यभराचा कर लागू झाला. बेंगळुरूत तपासणी मोहिमा वाढल्या. आयटी कंपन्यांच्या परिसरातली नाराजी वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचली. पीण्यातल्या कामगारांची तेवढी पोहोचली नाही, पण नियम दोघांना एकच होता.

विसंगती उघड होती. केंद्राचा कायदा नवा नंबर घ्यायला बारा महिने देतो आणि राज्याचा कायदा तिसाव्या दिवसानंतर आयुष्यभराचा कर मागतो. नंबर महाराष्ट्राचाच राहणार आणि कर मात्र पंधरा वर्षांचा कर्नाटकाचा. प्रशिक्षणासाठी तीन महिने आलेल्या मुलाने गाडीच्या साऱ्या आयुष्याचा कर भरायचा का? मार्च २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द ठरवली. बारा महिन्यांची मुदत पुन्हा मध्यभागी आली.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. "एमएच गाडीला कर्नाटकात कर नाही" असे न्यायालयाने म्हटलेले नाही. बारा महिन्यांनंतर नंबर बदलण्याची जबाबदारी आणि त्याबरोबर येणारा कर तसाच आहे. निकालाने मोकळी केली ती मधली मुदत.

७. राज्याची बाजू

इतिहास लिहिताना एकाच बाजूचे ऐकून चालत नाही. कर्नाटकाचा दर देशातल्या चढ्या दरांपैकी आहे. म्हणून महागड्या मोटारी कमी कराच्या ठिकाणी, विशेषतः पुदुच्चेरीत, भाड्याच्या किंवा नावापुरत्या पत्त्यावर नोंदवायच्या आणि बेंगळुरूत चालवायच्या, हा प्रकार झाला. केरळात २०१७ मध्ये अशाच नोंदणीवरून नामवंतांविरुद्ध गुन्हे दाखल झाले. कलम ४० नुसार नोंदणी तेथेच व्हायला हवी जेथे मालक राहतो किंवा व्यवसाय करतो आणि वाहन एरवी ठेवले जाते. खोटा पत्ता देऊन केलेली नोंदणी या कलमाच्या विरुद्ध आहे आणि रस्ते बांधणाऱ्या राज्याचा हक्काचा कर त्यातून बुडतो.

अडचण अशी की जाळे टाकले जाते कोटभराच्या मोटारीसाठी आणि त्यात सापडते कोल्हापूरची मोटारसायकल. मोठ्या मोटारीच्या मालकाजवळ वकील असतो. मोटारसायकलवाल्याला पहिल्या पाळीला सात वाजता मशीनवर उभे राहायचे असते.

८. दिवस कोणी मोजायचे?

बारा महिने म्हणजे कधीपासूनचे बारा महिने? कायदा वाहन राज्यात 'ठेवल्या'च्या काळाबद्दल बोलतो. गाडीचे वय आणि तिचा राज्यातला मुक्काम या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीपत्रावर २०१९ सालची तारीख आहे म्हणून गाडी २०१९ पासून बेंगळुरूत आहे, असा अर्थ निघत नाही. तरी रस्त्यावर बोलणे बहुधा याच तारखेपासून सुरू होते.

गाडी कधी आली हे मालकालाच पक्के ठाऊक असते, म्हणून व्यवहारात पुरावा त्याच्याकडेच मागितला जातो. येथे दुचाकीवाला मागे पडतो. चारचाकीला २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कोगनोळीपासून तुमकुरूपर्यंतचे टोलनाके कधी ओलांडले याची नोंद आपोआप राहते. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, त्यामुळे तिची नोंदही नाही. सवलत आहे, पण पुरावा नाही. तो जमवावा लागतो : गाडी रेल्वेने यशवंतपूरला आणली असेल तर पार्सलची पावती, वाटेतल्या पंपांवरची तारखेची बिले, मूळ गावातल्या सर्व्हिसिंगचे बिल, पीयूसीचे प्रमाणपत्र, कंपनीचे नेमणूकपत्र, खोलीचा भाडेकरार. यातला एकेक कागद किरकोळ वाटतो, पण सगळे तारखेने लावले की मुक्कामाचा इतिहास तयार होतो. इतिहासकार साधनांवरून काळ ठरवतो तो याच पद्धतीने.

९. पाटीवरचे बाकीचे वाद

मुक्कामाचा प्रश्न नसला तरी पाटीवरून दंड होऊ शकतो. केंद्रीय नियम ५० आणि ५१ पाटीचा आकार, अक्षरे आणि जागा ठरवतात. दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षराची उंची ३५ मिलिमीटर, जाडी ७ आणि अंतर ५. मोटारीवर ६५, १० आणि १०. अक्षरे रोमन आणि आकडे आंतरराष्ट्रीय. आपल्याकडे ४१४१ ला वळणे देऊन 'दादा' करतात. तो नियम ५१ चा भंग आहे, राज्य कोणतेही असो. मातृभाषेवरचे प्रेम खरे असले तरी पाटीचे काम अपघातानंतर दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी माणसाला नंबर वाचता यावा हे आहे.

बनावट पाट्या रोखण्यासाठी २००१ मध्ये उच्च सुरक्षा पाटीचा नियम आला : ॲल्युमिनियमची पाटी, क्रोमियमचे होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, एकदाच बसणारे लॉक. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना वैध ठरवली, तरी अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती कारखान्याकडूनच मिळू लागली. जुन्या वाहनांसाठी कर्नाटकाने ऑगस्ट २०२३ मध्ये आदेश काढला, महाराष्ट्राने त्यानंतर. दोन्हीकडे मुदती पुनःपुन्हा वाढल्या. एमएच गाडीची पाटी महाराष्ट्राने नेमलेल्या यंत्रणेकडूनच घ्यायची असते, हे पीण्यात राहणाऱ्याने विसरू नये.

बनावट पाटीचा फटका निरपराध माणसाला बसतो तो कॅमेऱ्यामुळे. तुमचा नंबर दुसऱ्याने लावला आणि सिग्नल तोडला, तर ई-चलान तुम्हाला येते. नियम १६७-अ (ऑगस्ट २०२१) नुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असते आणि तिच्याबरोबर छायाचित्राचा पुरावा असायला हवा. म्हणून आधी फोटो उघडा. गाडीचा मेक, रंग, आरशांचा आकार, पाटी बसवण्याची जागा आपल्या गाडीशी ताडून पाहा आणि फरक लेखी कळवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात थकीत चलानावर ५० टक्के सूट जाहीर झाली तेव्हा बेंगळुरूत लोकांनी रांगा लावून पैसे भरले. अशा वेळी चुकीचे चलानही अर्ध्या किमतीत मिटवून टाकण्याचा मोह होतो. पण भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे, हे लक्षात असू द्या.

१०. पावती फाडण्यापूर्वी

कलम २०० खाली जागेवर घेतली जाणारी रक्कम ही तडजोड आहे. तडजोडीला दोघांची संमती लागते. तुम्ही ती नाकारू शकता आणि दंडाधिकाऱ्यापुढे बाजू मांडू शकता. मात्र नाकारण्याआधी स्वतःशी प्रामाणिकपणे हिशेब करा, कारण हेल्मेट नसताना तत्त्वाचा वाद घालण्यात अर्थ नाही. गाडी थांबवली की शांतपणे तीन गोष्टी विचारा :

पहिली, ही रक्कम दंड आहे, तडजोड शुल्क आहे की कर?
दुसरी, कोणता कायदा आणि कोणते कलम? ते पावतीवर लिहिलेले आहे का?
तिसरी, मुक्काम मोजला असेल तर कोणत्या तारखेपासून आणि कशावरून?

नोंदणीपत्र, विमा आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवले तरी चालते. नोव्हेंबर २०१८ च्या नियमदुरुस्तीने त्याला मान्यता दिली आहे. गाडी अडकवून ठेवली तर तिची लेखी पोच मागा. बोलताना कन्नडमधले 'सर' आणि 'दयविट्टु' हे दोन शब्द उपयोगी पडतात. दुसऱ्याच्या राज्यात त्याच्या भाषेत दोन शब्द बोलणे ही साधी रीत आहे.

११. भारत मालिका : जुन्या पद्धतीकडे परत

१५ सप्टेंबर २०२१ पासून केंद्राने 'बीएच' मालिका सुरू केली. या नंबरच्या गाडीला राज्य बदलल्यावर नवा नंबर घ्यावा लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो. चौथ्या विभागातले विवेचन आठवा. आयुष्यभराच्या कराने जो पेच निर्माण केला तो सोडवण्यासाठी पुन्हा ठरावीक मुदतीच्या करावर यावे लागले. अभियांत्रिकीत जसे जुने डिझाइन कधी कधी नव्या मटेरियलमध्ये परत येते, तसेच हे.

पण पात्रता पाहा : संरक्षण दलातले, केंद्र व राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी. मोठ्या आयटी कंपनीतली तुमची वर्गमैत्रीण यात बसते. पीण्यातल्या वीस कामगारांच्या मशीन शॉपमधला तुमचा मित्र बसत नाही, कारण त्याच्या मालकाची शेड एकच आहे. देशभर फिरणाऱ्या माणसांसाठी केलेली सोय सर्वांत जास्त फिरावे लागणाऱ्या लहान उद्योगातल्या माणसापर्यंत पोहोचलेली नाही. त्याच्यासाठी अजून कलम ४७, बारा महिने आणि पावत्यांची पिशवी हीच व्यवस्था आहे.

१२. सारांश

नोंदणी केंद्राच्या कायद्याने देशभर वैध आहे, कर मात्र राज्याचा आहे. कर हप्त्याने होता तोवर या दोहोंत फारसा संघर्ष नव्हता. आयुष्यभराचा कर आल्यावर तो पेटला. २०१४ च्या तीस दिवसांच्या नियमाने तो टोकाला नेला आणि २०१६ च्या निकालाने बारा महिन्यांची मुदत परत दिली. बारा महिन्यांच्या आत असाल तर तारखांचा पुरावा जपा. त्यापुढे जाणार असाल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करा. पहिल्या स्थितीत हरकत घेणे हा तुमचा हक्क आहे, दुसऱ्या स्थितीत कर भरणे हे तुमचे कर्तव्य.

स्वाध्याय

१. 'दंड', 'तडजोड शुल्क' आणि 'कर' यांतील फरक प्रत्येकी एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. १९६२, १९७४, १९८७ आणि २०१६ या वर्षांतील न्यायनिर्णय कालक्रमाने मांडून वाहनकरामागचा विचार कसा बदलत गेला ते लिहा.
३. केए-२२ पासिंगची मोटारसायकल घेऊन एक विद्यार्थी पुण्यात शिकायला आला आहे. त्याला कलम ४७ कसे लागू होईल? दिवाळीत तो गाडी घेऊन पंधरा दिवस बेळगावला गेला, तर बारा महिन्यांची मोजणी तुमच्या मते कशी व्हावी? दोन्ही बाजूंचे युक्तिवाद लिहा.
४. लहान उद्योगांतील कामगारांना बीएच मालिकेत घ्यायचे असेल, तर राज्याचा कर बुडणार नाही अशी पात्रतेची अट तुम्ही कशी लिहाल? दोनशे शब्दांत मसुदा करा.